ओंदिना वाचली कशी?

११ नोव्हेंबर १९४२ रोजी ओंदिना हे डच तेलवाहू जहाज हिंदी महासागरातून चालले होते. सोबतीला शाही हिंदी नौदलाचे ‘बंगाल’. हे नौदल रत्नागिरीकरांस परके नव्हे. ह्याच किनाऱ्यावरची मुले त्यात पिढ्यान्‌पिढ्या भरती होत.

एकाएकी दोन जपानी लढाऊ जहाजे समोर आली, प्रत्येकी दहा हजार टनांवरची. ‘बंगाल’ जेमतेम साडेसहाशे टनांचे, तरी ते शत्रूवरच चालून गेले. ओंदिनावर एकच चार इंची तोफ. लढाईत ‘होकोकु मारू’ स्फोट होऊन बुडाले. ओंदिनाचे गोळे मात्र संपले. कप्तान विलेम हॉर्समन ठार झाले. खलाशी होड्यांत उतरले. जहाजाला टॉर्पेडो लागले, होड्यांवरही गोळ्या झाडल्या गेल्या. जहाज संपले असे समजून शत्रू निघून गेला.

इतिहासकार येथे तोफेचा महिमा सांगतात. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांची नजर पुढच्या गोष्टीवर जाते. उरलेले खलाशी जळत्या जहाजावर पुन्हा चढले, आग विझवली, इंजिन चालू केले आणि १८ नोव्हेंबरला फ्रीमँटल गाठले. जहाज वाचले ते ह्या परत चढण्याने.

त्या युद्धात व्यापारी जहाजांवरचे सहा हजारांवर हिंदी खलाशी कामी आले. गोऱ्या खलाशाच्या मानाने त्यांचा पगार तुटपुंजा, समुद्र मात्र तोच. मुंबईच्या मस्जिद बंदरावर खलाशांच्या वसतिगृहात त्यांचे स्मारक आहे. मुंबईस जाल तेव्हा तेथे घटकाभर थांबा, एवढेच आमचे मागणे.