श्रेढी, कवड्या आणि पाटणचा मढ

दहावीच्या बीजगणितात ‘अंकगणित श्रेढी’ हे प्रकरण आपण सर्वांनी सोडवले आहे. पहिले पद, पदांतील फरक, पदांची संख्या, बेरीज. सूत्र पाठ केले, गुण मिळवले आणि पुढे निघालो. पण ‘श्रेढी’ हा शब्द मराठीत एरवी कुठे भेटतो? बाजारात नाही, घरात नाही, वर्तमानपत्रातही नाही. हा शब्द संस्कृत गणितग्रंथांतून थेट आपल्या पाठ्यपुस्तकात उतरला आहे. त्या ग्रंथांपैकी सर्वाधिक शिकवला गेलेला ग्रंथ म्हणजे भास्कराचार्यांची ‘लीलावती’. आजचा धागा तिच्यातील ‘श्रेढीव्यवहार’ या प्रकरणाविषयी आहे, आणि ते शिकवले जावे म्हणून कन्नडचा घाट उतरल्यावर लागणाऱ्या एका गावाने काय दिले, याविषयी.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६चा, म्हणजे इ.स. १११४चा. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच पाटीगणिताचा भाग. आपण ज्याला पहिले पद म्हणतो ते तिथे ‘आदि’ किंवा ‘मुख’, फरक म्हणजे ‘चय’, पदांची संख्या म्हणजे ‘गच्छ’ आणि बेरीज म्हणजे ‘सर्वधन’. रीत अशी: शेवटचे पद काढा, त्यात पहिले मिळवा, निम्मे करा. हे ‘मध्यधन’. त्याला गच्छाने गुणले की झाले सर्वधन. मला ही मांडणी पाठ्यपुस्तकातील सूत्रापेक्षा अधिक बोलकी वाटते, कारण ती काय चालले आहे ते सांगते: सरासरी काढा आणि पदसंख्येने गुणा.

उदाहरणे मात्र राजेशाही थाटाची आहेत. शत्रूचे हत्ती पकडण्यासाठी एक राजा निघतो. पहिल्या दिवशी २ योजने चालतो, मग रोज सारखी वाढ करत ७ दिवसांत ८० योजनांवरील शत्रुनगर गाठतो. रोजची वाढ किती? उत्तर २२/७ योजने. (वर्तुळाच्या परिघासाठी लीलावतीत स्थूल म्हणून दिलेला अपूर्णांकही हाच, इथे तो केवळ योगायोगाने आला आहे.) आता थोडे इतिहासाच्या विद्यार्थ्यासारखे बघू. या हिशेबाने सातव्या दिवसाची मजल २० योजनांहून अधिक होते. लीलावतीतील योजन ३२,००० हातांचे. हात दीड फुटाचा धरला, तर एका दिवसात सुमारे ३०० किलोमीटर! मध्ययुगीन सैन्याच्या वेगाचा पुरावा म्हणून कोणी हे उदाहरण पुढे केले, तर त्यांना नम्रपणे थांबवावे. ते विद्यार्थ्याला अपूर्णांकात अडकवण्यासाठी रचलेले आहे.

गुणोत्तर श्रेढीचे उदाहरण याहून सुरेख आहे. एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी २ कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचे वचन दिले. महिन्याभरात किती निष्क गेले? दहाव्या दिवशीची भिक्षा १,०२४ कवड्या, म्हणजे अजून एक द्रम्मही नाही, कारण द्रम्म १,२८० कवड्यांचा. दाता निर्धास्त असणार. तिसाव्या दिवशी मात्र एकट्या त्या दिवसाचे दान आधीच्या २९ दिवसांच्या एकूण दानापेक्षा नेमक्या २ कवड्यांनी जास्त भरते. महिन्याची बेरीज २,१४,७४,८३,६४६ कवड्या. नाण्यांत १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या.

यासाठी ३० वेळा दुप्पट करत बसायचे नाही. गच्छ सम असेल तर निम्मा करा आणि ‘वर्ग’ लिहा. विषम असेल तर एक वजा करा आणि ‘गुणक’ लिहा. शून्यापर्यंत पोचलात की उलट्या क्रमाने त्या खुणा पाळत या. दोनचा तिसावा घात आठ पायऱ्यांत हाती येतो. या युक्तीचे मूळ छंदःशास्त्रात, पिंगलाकडे आहे, आणि लीलावतीही लगेच छंदांकडेच वळते. आठ अक्षरांच्या अनुष्टुभाचे लघु-गुरूंच्या मांडणीने समवृत्त प्रकार किती? २५६. अर्धसम ६५,२८०. विषम ४,२९,४९,०१,७६०. शाळेत वृत्ते ओळखताना आपण ज्या लघु-गुरूंच्या खुणा करत होतो, त्यांचेच हे गणित.

इथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण ‘श्रेढी भास्कराचार्यांनी शोधली’ अशी चित्रे सर्रास फिरतात. श्रेढीची बेरीज आर्यभटाने इ.स. ४९९मध्येच दिली होती. नवव्या शतकात महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त गुणोत्तर श्रेढीही आहे. महावीराचार्य राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातले, आणि वेरूळच्या कैलास लेण्याशी ज्याचे नाव जोडले जाते तो पहिला कृष्ण हा अमोघवर्षाचा पणजोबा. भास्कराचार्यांचे मोठेपण पहिले असण्यात नाही. शतकानुशतके शिकवता येईल असे पुस्तक त्यांनी लिहिले, यात आहे.

पण पुस्तक आपोआप शिकवले जात नाही. शिकवणारा लागतो, आणि त्याला जेवू घालणारा लागतो.

छत्रपती संभाजीनगरहून कन्नडमार्गे औट्रम घाट उतरलो की चाळीसगाव तालुका लागतो. तिथे गौताळ्याच्या डोंगरांच्या कुशीत पाटण आहे, पितळखोरा लेण्यांच्या जवळ. इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांची वंशावळ कोरलेली आहे. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर. त्याला यादव राजा जैत्रपालाने आपल्याकडे नेऊन पंडितांत अग्रस्थान दिले. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण यादवाचा, म्हणजे देवगिरीच्या दरबारचा ज्योतिषी. आजोबांचे व कुळातील इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवाने पाटणला मढ स्थापला. यादवांचा मांडलिक निकुंभवंशी सोइदेव याने शके ११२८मध्ये, इ.स. १२०७च्या चंद्रग्रहणाच्या पर्वावर, त्याला दान दिले. (भास्कराचार्यांचे स्वतःचे गाव ‘विज्जडविड’ म्हणजे पाटणच का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मढ मात्र निश्चित इथला.)

लेखाचा बहुतांश भाग संस्कृत आहे, पण पैशांचा मामला येताच तो मराठीत उतरतो. पाटणच्या बाजारात जो माल उघडला जाईल त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा कर मढाला दिला. जितके घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळीभर तेल दिले. श्लोक पंडितांसाठी, ही कलमे तेल्याला आणि वाण्याला समजायला हवीत. लीलावतीतला दाता काल्पनिक होता. पाटणचा तेली खरा होता, आणि श्रेढीव्यवहाराच्या शिक्षणात त्याची पळी मोजली गेली आहे.

मुंबईचे डॉक्टर आणि प्राच्यविद्या-संशोधक भाऊ दाजी लाड यांनी १८६५मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधातून हा लेख अभ्यासकांपुढे आणला. पुढे ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात किलहॉर्न यांनी त्याचे संपादन केले. मराठीच्या आरंभीच्या कोरीव लेखांचा अभ्यास करणाऱ्यांना आजही पाटणच्या त्या कर आणि तेलाच्या ओळींकडे यावे लागते.