चौबारा ते मदरसा

दामाजीपंतांची कथा मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. दुष्काळात त्यांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारे रयतेला खुली केली, आणि त्या धान्याची रक्कम भरण्यासाठी साक्षात पांडुरंग विठू महाराच्या रूपाने बिदरच्या दरबारी गेला. ही कथा सांगितली की वर्गातला एखादा चौकस मुलगा मला हमखास विचारतो, ‘सर, मंगळवेढ्याच्या धान्याचा हिशेब बिदरला का?’ या प्रश्नाचे उत्तर बिदरच्या जुन्या शहरात चौबारा ते मदरसा या रस्त्यावर मिळते.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशाह वली बहमनीने राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली आणि दख्खनचा कारभार इथून चालू लागला. तटबंदीच्या आत दोन हमरस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तिथे सुमारे ७१ फूट उंचीचा गोल बुरूज उभा आहे. तोच चौबारा. टेहळणीच्या या बुरुजावरून चारही दिशांच्या वाटा नजरेखाली येतात.

शहराच्या चार भागांना चार जुन्या तालमी. सिद्दीकशाह आणि नूरखान या त्यांपैकी दोन. ‘तालीम’ या शब्दाचा मूळ अर्थ शिक्षण. आपण मराठीत तो लाल मातीपुरता ठेवला. बिदरने मात्र दोन्ही अर्थ जपले. याच शहरात वजीर महमूद गावानने १४७२ साली तीन मजली मदरसा उभारला. विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय, व्याख्यानगृहे, मशीद आणि तीन हजार हस्तलिखितांचे ग्रंथालय, असा त्याचा व्याप सांगितला जातो.

गावान मूळचा इराणातील गीलानचा. दरबारातील विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवून खोटे पत्र रचले, आणि १४८१ साली सुलतानाने चौकशीविना त्याचा शिरच्छेद करविला. राज्य सावरणारा माणूस गेला, आणि पुढे बहमनी राज्याची पाच शकले झाली. मदरशाचे दैवही तसेच. मोगल अमलात तिथे दारूगोळा साठविला होता. १६९६ च्या सुमारास त्याचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग आणि एक मिनार कोसळला. उरलेल्या मिनारावर निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अजून चमकतात.

जवळच्या गल्ल्यांत मात्र परंपरा हयात आहे. जस्त व तांब्याच्या ओतीव भांड्यावर कारागीर नक्षी कोरतात, तिच्यात चांदीची तार ठोकून बसवितात आणि नवसागर व किल्ल्यातील माती यांच्या लेपाने घासतात. धातू काळा पडतो, चांदी उजळते. हेच ते बिदरी काम.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. तेव्हापासून आपल्या लेखणीला बिदर आठवते ते बहुधा सीमाप्रश्नापुरते. तो प्रश्न खराच आहे. परंतु त्यामुळे बिदर हे परक्यांचे गाव, असा समज मुलांच्या मनात रुजू लागला, याची मला शिक्षक म्हणून खंत वाटते. पलीकडच्या शाळांतील गुरुजनांना एवढीच विनंती, की सहलीच्या यादीत हा रस्ता अवश्य घालावा. मुलांना पडक्या मिनाराच्या जागेपाशी उभे करावे आणि विद्येच्या घरात दारूगोळा ठेवला की काय होते, ते त्यांचे त्यांनाच पाहू द्यावे.