अक्काच्या ओव्या आणि भोंग्यापुढचे गायक

मागच्या भाद्रपदात आमची अक्का गेली, हे नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच. त्याआधीच्या दिवाळीत तिच्या नातवाने तिच्याकडून आईच्या अकरा ओव्या गाऊन घेतल्या आणि घरच्या घरीच रेकॉर्डिंग केलं. झोपायच्या खोलीत, दाराला गोधडी लावून, पंखा बंद करून. अक्का तेव्हा एक्क्याऐंशीची. "पेटीशिवाय मला सूर सापडत नाही," असा तिने हट्ट धरला, म्हणून सूनबाई शेजारी बसून पेटीवर सूर धरत होत्या. नंतर नातवाने त्यात तबला घातला, तानपुरा घातला, मागे कॉम्प्युटरमधली व्हायोलिनं घातली आणि सगळं मला मिरजेला पाठवलं. ऐकायला गोड. पण शब्द कळेनात! पेटी कळत होती, तबला कळत होता, अक्का गातेय हेही कळत होतं. काय गातेय, ते नाही. आणि या ओव्या आता दुसऱ्या कुणालाच पाठ नाहीत.

"मामाआजोबा, तिचा आवाज वाढवला तर पेटीही वाढते, कमी केला तर दोन्ही बुडतात," पोरगं म्हणालं. मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेला माणूस, मला यातलं काय कळणार? पण इतिहासाच्या मास्तरची एक खोड असते. अडचण आली की ती आपल्याआधी कुणाकुणाला आली होती, ते शोधत बसायचं. बसलो.

आपल्याकडे ही अडचण १९०२ सालापासूनची आहे. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरात त्याने गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. मायक्रोफोन नव्हताच. एक मोठा भोंगा, त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली मेणाची तबकडी. गायकाच्या आवाजाच्या जोरावरच सुई हलायची. त्यामुळे आज ज्याला 'मिक्सिंग' म्हणतात ते तेव्हा माणसं हलवून होत असे. गाणारा भोंग्याच्या तोंडाशी, साथीदार मागे. तार सप्तकात गेलं की डोकं मागे घ्यायचं, खाली आलं की पुन्हा पुढे. जेमतेम तीन मिनिटांची तबकडी आणि चूक झाली की नवं मेण. गौहरजान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची, ते अजून ऐकायला मिळतं.

भोंग्यातून जे मेणावर उतरायचं, त्याला खालची आणि वरची दोन्ही टोकं नसत. साधारण दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही उमटत नसे. आता 'स' म्हणून बघा. त्या सीत्काराचा मुख्य जोर चार हजारांच्या वर असतो. म्हणजे गाणं आलं, पण त्यातला 'स' वाटेतच राहिला! त्या काळच्या रेकॉर्डी ऐकताना शब्द ओळखीचे असले तरच कळतात, याचं हे एक मोठं कारण.

१९२५ साली अमेरिकेत मायक्रोफोन वापरून विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि काही वर्षांत ते इकडेही आलं. आमच्या मिरजेला ज्यांची समाधी आहे, त्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या भोंग्याच्या काळातल्या आणि १९३० नंतरच्या अशा दोन्ही तऱ्हेच्या रेकॉर्डी आहेत. लागोपाठ ऐकल्या तर वाटतं, कुणीतरी मधला पडदा बाजूला केला. खाँसाहेबांचा आवाज नाजूक, तो भोंग्याला कसा पेलावा? मायक्रोफोनला ओरडून सांगावं लागत नाही. तिकडे बिंग क्रॉस्बी कानाशी गुणगुणल्यासारखा गाऊ लागला, आणि आपल्याकडे याच १९३०च्या दशकात भावगीत रुजलं. नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणाऱ्या पिढीनंतर, हळू आवाजात कवितेचा शब्द न शब्द पोचवणारी जी. एन. जोशींची पिढी आली. भावगीताच्या जन्माचं श्रेय आपण कवींना आणि गायकांना देतो. थोडं मायक्रोफोनलाही द्यावं असं माझं मत आहे.

पण शब्द बुडतात का, याचं उत्तर संगीतवाल्यांनी नाही, टेलिफोनवाल्यांनी शोधलं. अमेरिकेतल्या वेगेल आणि लेन या दोघांनी १९२४ साली दाखवलं, की खालचा सूर वरच्या सुराला जितका झाकतो, तितका वरचा खालच्याला झाकत नाही. पुढे १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजलं, की माणसाचा कान तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास सर्वांत तिखट असतो. आवाजाचा भरदारपणा खालच्या पट्ट्यात, स्वरांत असतो. शब्दाचा चेहरा मात्र व्यंजनांत, आणि बरीचशी व्यंजनं ओळखायच्या खुणा या वरच्या पट्ट्यात असतात. पेटी आणि बाया खालून झाकतात आणि व्यंजनं गुदमरतात.

हे वाचलं आणि मला माझा पहिला वर्ग आठवला. साठ मुलं, वर दोन खडखडणारे पंखे. पहिल्या वर्षी मी दिवाळीपर्यंत ओरडून घसा बसवून घेतला. मग एका जुन्या बाईंनी सांगितलं, "गुरुजी, मोठ्याने नका बोलू, ठसठशीत बोला. आणि आधी पंखा बंद करा." फ्लेचरसाहेबांचं नाव त्या बाईंनी ऐकलंही नसेल.

आता घरच्या रेकॉर्डिंगबद्दल. याचा मूळपुरुष म्हणजे लेस पॉल. या गिटारवाल्याने १९४८ साली आपल्या गॅरेजमध्ये तबकडीवर तबकडी चढवत एकट्याने आठ गिटारी वाजवून दाखवल्या. पुढे टेप आली, तेव्हा तो बायको मेरी फोर्डचा आवाज घरातच एकावर एक चढवू लागला. प्रत्येक थराबरोबर आधीचे थर मळत जात. म्हणून बिनमहत्त्वाचे भाग आधी आणि मुख्य गळा सगळ्यांत शेवटी. शिवाय मेरीला तो मायक्रोफोनच्या अगदी जवळ उभं करी. जवळचा आवाज उठून दिसतो, लांबचा मागे सरतो. ही युक्ती आपल्याकडेही होतीच. १९४९च्या 'महल'मध्ये ते सुप्रसिद्ध गाणं सुरू होताना लांबून आल्यासारखं वाटतं, कारण लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या होत्या. पुढे १९७९ साली कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं टॅस्कॅमचं 'पोर्टास्टुडिओ' आलं आणि ही गंमत घरोघर गेली. आता ती फोनमध्येच आहे. असो.

नातवाला मी ही सगळी बखर फोनवरून ऐकवली. तो बिचारा ऐकत होता. मग आम्ही पंखा बंद केला, म्हणजे व्हायोलिनं काढली. तो म्हणाला, "पण मग रिकामं वाटेल." म्हटलं, वाटू दे, जात्याशी काय व्हायोलिनं होती? तबल्यातला बाया दबवला. तानपुऱ्याला तीन हजारांच्या आसपास थोडं उतरवलं आणि अक्काच्या आवाजाला तिथेच किंचित चढवलं. पेटी तिच्याच मायक्रोफोनमध्ये शिरलेली होती. तिचा तीनशेच्या आसपासचा गढूळपणा कापला. अक्काला दम पुरत नव्हता, ओळीच्या शेवटी आवाज विझायचा. तिथे पोराने शब्दाशब्दाला हात लावून आवाज उचलला. दोन रात्री लागल्या त्याला.

आणि अक्का बोलू लागली! अकरापैकी दहा ओव्या मी जशाच्या तशा उतरवून घेतल्या आहेत.

आठवी राहिली. तिच्या दुसऱ्या ओळीत भाऊ उभा आहे. तो 'बाहेरी' उभा आहे की 'माहेरी', ते कळत नाही. 'बाहेरी' असेल तर तो न्यायला आलाय. 'माहेरी' असेल तर तो तिकडेच थांबलाय आणि न्यायला कुणी आलेलं नाही. जमिनीच्या वाटणीनंतर मामा आमच्या दारात कधी आला नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामुळे हे एक अक्षर मला झोपू देत नाही.

गंमत बघा, 'म' म्हणताना ओठ मिटून नाकातून जो हुंकार निघतो, तो अडीचशे-तीनशे हर्ट्झच्या आसपासच असतो. म्हणजे गढूळपणा काढताना आम्ही नेमकं तेच कापलं. न कापलेली प्रत ऐकावी तर तिथे पेटी बसलेली.

ठाण्याच्या वहिनींना 'बाहेरी' ऐकू येतं. मला 'माहेरी'. दोन्ही प्रती सगळ्यांना पाठवल्या आहेत. कानाला हेडफोन लावून, आठवी ओवी, दुसरी ओळ. आईच्या तोंडून ती कुणी ऐकली असेल, तर कृपा करून मला कळवा.