वटवाघळांच्या रक्तांतील इतिहास



चंदनसारला आमच्या घराजवळ एक जुना वड आहे. दिवसभर त्याच्या फांद्यांना वटवाघळें उलटीं लटकलेलीं असतात आणि दिवेलागण झाली कीं तीं एकामागून एक अन्नाच्या शोधार्थ निघतात. महाबळेश्वरच्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा आढळल्याचें वर्तमान 2021 सालीं आलें, तेव्हां हा वड तोडावा, निदान धूर करून वटवाघळें तरी हांकलावींत, असें शेजारच्या कांहीं मंडळींच्या मनांत आलें. माझें मत विचारण्यांत आलें. मत देण्यापूर्वीं माहिती करून घ्यावी, ही शाळामास्तराची जुनी खोड. जें कळलें तेंच आज आपणांपुढें ठेवतों.

निपाह हें नांव मलेशियांतील एका खेड्यावरून पडलें. 1998-99 सालीं त्या देशांत प्रथम डुकरें आजारी पडलीं आणि त्यांच्यापासून तीं पाळणारीं माणसें. शंभराहून अधिक माणसें दगावलीं. डुकरांच्या वाड्यांभोंवतीं फळझाडें होतीं. वटवाघळांनीं अर्धवट खाऊन टाकलेलीं फळें डुकरांच्या तोंडीं लागत. पुढें 2001 सालीं हा रोग आपल्या देशांत सिलिगुडी येथें आला, आणि 2018 सालीं केरळांत कोळिकोड येथें.

कोळिकोडची हकीकत विशेष बोधप्रद आहे. ज्या घरांत प्रथम मृत्यू घडले, त्या घरच्या विहिरींत वटवाघळें होतीं. लोकांचा संशय साहजिकच त्यांच्यावर गेला. परंतु तीं कीटक खाणारीं निघालीं आणि त्यांच्यांत विषाणू सांपडला नाहीं. मग त्या भागांतील फळें खाणारीं मोठीं वटवाघळें तपासण्यांत आलीं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें तपासलेल्या 52 वटवाघळांपैकीं 10 मध्यें विषाणूचा अंश आढळला. ही संस्था 1952 सालीं रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या सहकार्यानें स्थापन झालेली. संशय आणि शोध यांतील अंतर तें हेंच!

याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं मार्च 2020 मध्यें महाबळेश्वरच्या वटवाघळांचें रक्त व घशांतील स्राव घेतले. तपासणीअंतीं रक्तांत निपाहविरुद्ध प्रतिपिंडें आढळलीं. प्रतिपिंड म्हणजे शरीरानें रोगाशीं दिलेल्या झुंजीची मागें राहिलेली खूण. जुन्या किल्ल्याच्या तटावर तोफगोळ्याचा वण दिसला, तर तेथें केव्हांतरी लढाई झाली असें आपण म्हणतों. शत्रू आजही दाराशीं उभा आहे, असें म्हणत नाहीं. त्या वेळीं महाराष्ट्रांत एकही मनुष्य निपाहनें आजारी पडल्याची नोंद नव्हती. तरीही हा शोध व्यर्थ नव्हे. उद्यां एखादा रोगी दवाखान्यांत आला, तर वैद्याच्या मनांत योग्य शंका वेळेवर येईल, हें त्याचें मोल.

मग वडाचें काय करावें? वटवाघळें फळांचें बीं दूरवर नेतात, रात्रीं फुलणाऱ्या झाडांचें परागण करतात. त्यांचे कीटकभक्षी भाईबंद पिकांवरील किडे मारतात. आसरा मोडला तर तीं नाहींशीं होत नाहींत. घाबरून दहा ठिकाणीं पांगतात, आणि अशा ताणानें त्यांच्या अंगचा विषाणू अधिक बाहेर पडण्याचा संभव असतो, असें तज्ज्ञांस वाटतें. बांगलादेशांत खजुरीच्या कच्च्या रसावाटे निपाह माणसांत शिरतो, कारण रात्रीं वटवाघळें रसाच्या मडक्याशीं येतात. तेथें झाडें तोडण्याचा नव्हे, तर मडक्याभोंवतीं बांबूची चटई बांधण्याचा उपाय करून पाहण्यांत आला, आणि वटवाघळें रसापासून दूर राहिलीं. आपल्या पालघर जिल्ह्यांतही ताडामाडांवर मडकीं लागतात. हा धडा आपण ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

शेजाऱ्यांना मीं एवढेंच सांगितलें : उष्टें, चोंच किंवा दांत लागलेलें फळ खाऊं नका, फळें धुऊन खा, जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला मुलांना हात लावूं देऊं नका. वड मात्र राहूं द्या.

वड राहिला आहे. सायंकाळीं मुलें अंगणांत उभीं राहून वटवाघळें मोजतात आणि दरवेळीं त्यांचा आंकडा चुकतो.