तंबाखूच्या धुराचे घरातील अवशेष

तंबाखूच्या धुराचे घरातील अवशेष म्हणजे सिगारेट किंवा विडी विझल्यानंतर भिंती, छत, लाकूडसामान, कापड व धूळ यांवर साचून राहणारे निकोटीन, डांबरासारखी चिकट द्रव्ये आणि त्यांपासून पुढे तयार होणारी रसायने होत. पिवळसर-तपकिरी थर व शिळा, कडवट वास ही त्यांची ठळक लक्षणे आहेत. मात्र वास दबला म्हणजे अवशेष नाहीसे झाले, असे नसते. सच्छिद्र बांधकाम, दमट हवा व दीर्घ पावसाळा असलेल्या रत्नागिरी जिल्ह्यासारख्या प्रदेशात ते काढणे विशेष जिकिरीचे ठरते.

संज्ञा

इतरांनी सोडलेला धूर श्वासावाटे शरीरात जाणे याला निष्क्रिय धूम्रपान म्हणतात. धूर विरल्यानंतर मागे उरलेल्या अवशेषांशी येणारा संपर्क हा त्यापुढचा टप्पा असून त्याला 'तृतीयक धूम्रपान' असे म्हटले जाते. जोनाथन विनिकॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख २००९ साली 'पेडियाट्रिक्स' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यानंतर ही संकल्पना सर्वत्र परिचित झाली. अशा अवशेषांमुळे मुलांना अपाय होतो असे मानणाऱ्या कुटुंबांत घरात धूम्रपानबंदी असण्याचे प्रमाण अधिक असल्याचे त्या पाहणीत आढळले होते.

स्वरूप व रसायन

धुरातील निकोटीन घरभर पसरून पृष्ठभागांवर बसते आणि पुढे अनेक दिवस थोडे थोडे हवेत सुटत राहते. त्यामुळे खिडक्या उघडल्यावर गेलेला वास दारे बंद करताच परत येतो. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की, पृष्ठभागावरील निकोटीनची हवेतील नायट्रस आम्लाशी अभिक्रिया होऊन तंबाखूजन्य नायट्रोसमाइने तयार होतात. धुराड्याविना जळणारी गॅसची शेगडी हा घरातील नायट्रस आम्लाचा एक स्रोत आहे. नायट्रोसमाइनांपैकी काही कर्करोगकारक आहेत.

निकोटीन हे अल्कधर्मी द्रव्य आहे. आम्लाशी संयोग होऊन त्याचे लवण बनते. हे लवण पाण्यात विरघळते व सहजासहजी हवेत उडत नाही. चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाच्या सान्निध्यात मात्र निकोटीन मुक्त व उडनशील रूपात राहते. तंबाखू चुन्याबरोबर मळण्यामागेही हेच रसायन आहे.

आरोग्यावरील परिणाम

रांगणारी मुले जमिनीशी व अंथरुणाशी सतत संपर्कात असतात आणि हात व वस्तू तोंडात घालतात; म्हणून त्यांना या अवशेषांचा धोका अधिक मानला जातो. अवशेषांच्या संपर्कामुळे मानवी पेशींतील डीएनएला इजा होत असल्याचे २०१३ सालच्या एका प्रयोगशालेय अभ्यासात दिसून आले. प्रत्यक्ष कुटुंबांतील दीर्घकालीन परिणामांवर संशोधन अद्याप चालू आहे.

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार २०१६-१७ मध्ये भारतातील १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करीत होते. परंतु घरात दुसऱ्याच्या धुराला सामोरे जाणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३८.७ टक्के होते.

कोकणातील घरे

रत्नागिरी परिसरातील जुनी घरे जांभ्याच्या चिऱ्यांची, चुन्याने रंगवलेली व कौलारू असतात. जांभा सच्छिद्र असल्याने गिलावा नसलेल्या भिंतीत धूर खोलवर मुरतो. वासे, रिपा, माळ्याच्या फळ्या आणि शेणाने सारवलेली जमीन हेही शोषक पृष्ठभाग होत. चुलीच्या धुराची काजळी व तंबाखूचे अवशेष अशा घरांत एकमेकांत मिसळलेले असतात.

जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात खिडक्या बंद राहतात, कपडे व गाद्या वाळत नाहीत आणि बुरशीचा वास धुराच्या वासात भर घालतो. मुंबईस्थित चाकरमान्यांची अनेक घरे गणेशोत्सव, शिमगा व उन्हाळ्याची सुट्टी वगळता बंद असतात. घर बंद ठेवल्याने अवशेष आपोआप जात नाहीत. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धूम्रपान करणारे भाडेकरू गेल्यानंतर दोन महिने रिकाम्या राहिलेल्या व नव्या रहिवाशांसाठी स्वच्छ केलेल्या घरांतही निकोटीन आढळले होते.

निर्मूलन

घरातील धूम्रपान पूर्णपणे थांबवणे ही पहिली अट आहे. अन्यथा स्वच्छ केलेल्या पृष्ठभागांवर नवा थर बसतो. त्यानंतर अवशेष धुऊन काढणे, शोषक वस्तू टाकून देणे आणि उरलेला भाग बंदिस्त करणे असा क्रम ठेवला जातो. कोकणात या कामासाठी पावसाळ्यानंतरचे कोरडे महिने सोयीचे असतात.

* कापड : पडदे, चादरी व अभ्रे गरम पाणी आणि डिटर्जंटने धुऊन कडक उन्हात वाळवतात. वास राहिल्यास पुन्हा धुतात. कापसाची गादी पिंजून घेतल्याने कापूस मोकळा होतो, पण त्यात मुरलेले निकोटीन जात नाही. म्हणून फार वास येणारी गादी, उशी व गालिचा बदलणे इष्ट असते.
* टणक पृष्ठभाग : लाद्या, काच, दारे, पंख्याची पाती, दिवे व स्विचबोर्डाची झाकणे साबणाच्या कोमट पाण्याने पुसतात. विद्युत उपकरणांचा पुरवठा आधी बंद करणे आवश्यक असते. फरशी, काच यांसाठी पाणी मिसळलेले व्हिनेगर उपयुक्त ठरते.
* भिंती : तेलरंग किंवा धुता येणारा रंग असल्यास भिंत धुऊन, फडके व पाणी वारंवार बदलत पुसतात. साधा डिस्टेंपर किंवा चुना पाण्याने सुटत असल्याने तो खरवडून काढावा लागतो. चुन्याच्या थराला व गिलाव्याला व्हिनेगर लावू नये. आम्लाने चुना विरघळतो.
* रंगकाम : डागाळलेल्या भिंतीवर थेट चुना किंवा पाण्यात मिसळण्याचा रंग दिल्यास पिवळे डाग पुन्हा वर उमटतात. त्यामुळे भिंत धुऊन व वाळवून तेलयुक्त किंवा लाखेचा प्रायमर देतात आणि त्यावर रंग चढवतात. ओल्या भिंतीवर प्रायमर टिकत नाही.
* धूळ : कोरड्या झाडूने अवशेषयुक्त धूळ हवेत उडते, ओल्या फडक्याने पुसणे श्रेयस्कर असते. वातानुकूलन यंत्राच्या जाळ्या धुणे किंवा बदलणे आवश्यक असते.

अपुरे व धोकादायक उपाय

उदबत्ती, धूप व सुगंधी फवारे वास झाकतात. जळणाऱ्या पदार्थांमुळे धुराचे सूक्ष्मकण वाढतात. खाण्याचा सोडा व कोळसा वास काही प्रमाणात शोषतात, परंतु भिंतीतील साठा काढत नाहीत. ओझोन यंत्रे वापरण्याची पद्धत काही देशांत आहे. तथापि ओझोन फुप्फुसांना घातक असून निकोटीनशी त्याची अभिक्रिया होऊन अतिसूक्ष्म कण तयार होतात.

ब्लीचिंग पावडर किंवा द्रव ब्लीच व्हिनेगरमध्ये मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू, तर अमोनियायुक्त द्रव्यात मिसळल्यास क्लोरामाइने निर्माण होतात. ही द्रव्ये कधीही एकत्र वापरू नयेत. सफाई करताना हातमोजे घालणे, दारे-खिडक्या उघडी ठेवणे आणि लहान मुलांना दूर ठेवणे आवश्यक आहे.

कायदेशीर स्थिती

भारतात सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने अधिनियम, २००३ आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी असून २०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खासगी निवासस्थान या बंदीच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे घर धूरमुक्त ठेवण्याचा निर्णय कुटुंबाचा असतो. भाड्याच्या घराबाबत तशी अट करारात घालता येते. बाल्कनीत किंवा खिडकीजवळ केलेल्या धूम्रपानाचा धूर आत येतो आणि कपडे, केस व हातांवरूनही अवशेष घरात शिरतात. म्हणून धूम्रपान सोडणे हाच घर अवशेषमुक्त ठेवण्याचा खात्रीचा मार्ग मानला जातो.

हे सुद्धा पहा

* निष्क्रिय धूम्रपान
* निकोटीन
* जांभा खडक