गाठ कुणी मारली?

गेल्या डिसेंबरात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच व्हिडिओ नऊ वेळा आला. हाँगकाँगच्या ताइ पो भागातली आग. २६ नोव्हेंबर २०२५. एकतीस मजल्यांचे आठ टॉवर, दुरुस्तीसाठी बाहेरून बांबूंच्या परांचीत आणि जाळीत गुंडाळलेले. त्यातले सात पेटले, दीडशेहून अधिक माणसं गेली.

आमची इमारत ठाण्यात, अवघी सात मजली. पण तेव्हा आमच्याही भोवती बांबूच होता. गिलावा आणि रंगाचं काम चालू होतं, वर हिरवी जाळी. व्हिडिओखाली मेसेजवर मेसेज पडायला लागले. ‘बांबू ताबडतोब काढा.’ ‘स्टीलची परांची लावा.’ ‘मग वाढीव खर्च कोण देणार?’ शेवटी सेक्रेटरी काकांचा मला फोन आला, “तू इंजिनिअर आहेस ना, जरा बघ बरं.” मी कॉम्प्युटर इंजिनिअर. परांचीबद्दल मला एवढंच माहीत होतं की ती माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकून उभी आहे.

त्या खिडकीतूनच माझी चाचांशी ओळख झाली होती. मालदाचे, साठी ओलांडलेले, तीसेक वर्षं मुंबई-ठाण्यात बांबू बांधताहेत. आता फारसं चढत नाहीत, पण पोरं बांधून उतरली की एकदा वर येतात आणि प्रत्येक गाठीवरून अंगठा फिरवतात. मी ग्रिलमधून चहा द्यायचो. त्यांची तक्रार ठरलेली. पूर्वी काथ्या भिजवून बांधायचो, सुकला की गाठ आवळायची. आता नायलॉनची दोरी, गाठ मारली की पोरगं मोबाइल काढतं. कामात जीव राहिला नाही.

हे वाक्य मी ऑफिसात दर आठवड्याला ऐकतो. आमचे सीनियर म्हणतात, हल्लीच्या पोरांना मेमरी सांभाळता येत नाही, सगळं लायब्ररीच्या भरवशावर. त्यामुळे चाचांचं बोलणं मी हसून सोडून द्यायचो. पण सोसायटीने गृहपाठ दिला म्हणून हाँगकाँगच्या परांचीचा इतिहास वाचायला बसलो, आणि हीच तक्रार तिथेही भेटली. तिच्यात किती खरं आणि किती म्हातारपणचं, हे मात्र वाटलं होतं तितकं सोपं निघालं नाही.

हाँगकाँगमध्ये परांची बांधणाऱ्याला चिनी बोलीत ‘कोळी’ म्हणतात, जाळं विणणारा कोळी. उस्तादाला सिफू. शिकायचं ते सिफूच्या हाताखाली काही वर्षं राहून. आधी बांबू उचलायचे, वर पोचवायचे, सिफू काय करतो ते बघायचं, आणि गाठ हातात यायची ती त्यानंतर. बांबू दोन जातींचे. जाड ‘माओ जुए’ मुख्य खांबांना, बारीक ‘काओ जुए’ बाकीच्या जाळीला. बांबू निदान तीन वर्षांचा हवा आणि तोडल्यावर निदान तीन महिने उभा ठेवून हवेत वाळवलेला हवा, असं आज सरकारी नियमावलीत लिहिलेलं आहे. जुने लोक हेच हाताने ओळखायचे: वजन, रंग, पेरातली चीर.

बांधायला पूर्वी दोरीसुद्धा नव्हती. बांबूच्याच सालीच्या लांब पट्ट्या काढायच्या, पाण्यात भिजवून मऊ करायच्या आणि त्यांनी बांधायचं. गाठ म्हणतो खरी, पण आपल्या बुटाच्या नाडीसारखी ती गाठ नसते. पट्टीचे काही वेढे, मग टोकांना पीळ आणि तो पीळ वेढ्याखाली खोचायचा. बोल्ट नाही, खिळा नाही. किती ओढायचं हे बोटांना कळतं.

मग प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या, ज्यांना तिथे सरसकट नायलॉन म्हणतात. भिजवायला नकोत, कुजत नाहीत, सगळ्या एकसारख्या. नियमावलीत पट्टीची रुंदी, जाडी, तिने सोसायचा ताण, सगळं आकड्यांत आलं. साल काढण्याची कला एका पिढीत संपली, आणि त्याबद्दल मला फार वाईट वाटत नाही. सालीची पट्टी कुठे कच्ची आहे हे फक्त सिफूला दिसायचं. म्हणजे सिफू त्या दिवशी आजारी असला तर कुणालाच दिसायचं नाही.

आता १९८५ साल बघा. नॉर्मन फॉस्टरने आखलेली एचएसबीसी बँकेची मुख्य इमारत त्या वर्षी पूर्ण झाली. पोलादाचा सांगाडा, जगभर गाजलेलं तंत्र. आणि बांधकामाच्या फोटोंत तिच्या अंगावर बांबू! त्या शहराला यात विसंगती वाटली नाही. बांबू हलका, स्वस्त, अरुंद गल्लीतही नेता येतो, जागेवर कापता येतो. स्टीलचे पाइप तसे कापत बसत नाहीत.

लंडनमध्ये हे वळण फार आधी आलं. तिथेही लाकडी वासे दोरखंडाने बांधायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॅनिएल पामर-जोन्स या माणसाने दोरीऐवजी लोखंडी जोड काढला. १९१३मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या दर्शनी भागाच्या कामावर त्याचे जोड वापरले गेले, पुढे वाशांच्या जागी स्टीलचे पाइप आले. गाठ मारणाऱ्याची जागा पाना फिरवणाऱ्याने घेतली. क्लॅम्प किती आवळायचा हे मोजता येतं, कुणी आवळला नसेल तर तेही तपासता येतं.

हाँगकाँगमध्ये बांबू टिकला, पण त्याच्याभोवती कागद वाढत गेला. परांची प्रशिक्षित कामगारानेच बांधायची, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली. त्या जाणकाराने निदान दर १४ दिवसांनी तपासून सहीचा अहवाल द्यायचा. सिफूकडे काढलेल्या वर्षांच्या जागी प्रशिक्षण केंद्र आणि परीक्षा आली. चाचांचा अंगठा जे काम करतो, तेच हा फॉर्म करतो. निदान कागदावर तरी.

इथवर वाचून माझं मत जवळजवळ झालं होतं. म्हातारे गाठीसाठी हळहळतात, पण गाठ हा काही मुद्दा नाही. मग अपघातांबद्दल वाचलं.

हाँगकाँगमध्ये बरेच जीव प्रचंड परांच्यांवर जात नाहीत. एका घराच्या खिडकीबाहेर एसी बसवायचा किंवा गळका पाइप बदलायचा असतो. त्यासाठी भिंतीत बोल्ट ठोकून लोखंडी कंस लावतात आणि त्यांवर हवेत लटकती छोटी परांची बांधतात. दोन माणसं, अर्ध्या दिवसाचं काम. इंजिनिअर तिथे फिरकत नाही. बोल्ट जुन्या, भुसभुशीत काँक्रीटमध्ये गेला किंवा पट्टा अडकवायला जागा नसली की माणूस खाली. यात गाठीचा दोष नाही आणि बांबूचाही नाही. अनेक वर्षांच्या सिफूची गाठ पक्की राहते, आणि ज्या भिंतीला ती टांगलेली आहे तीच निसटते.

‘आमच्या वेळी काम चोख होतं’ याची एक बाजू कुणी बोलत नाही. हे वाक्य ऐकवायला जे उरले, तेच ते म्हणतात. जे पडले त्यांचं मत विचारायला कुणी नाही. मी चाचांना एकदा विचारलं होतं, तुमच्याबरोबर कामाला लागलेले कितीजण अजून आहेत? ते बोटं मोजायला लागले, मग थांबले आणि म्हणाले, काही गावी गेले. पट्टा ते अजूनही बांधत नाहीत. कमरेला अडतो म्हणतात. नव्या पोरांतली निम्मी तरी बांधतात. कामात जीव राहिला नाही असं ज्यांच्याबद्दल म्हणायचं, तीच पोरं.

बांबूवरून स्टीलवर जाण्याची एक छोटी तालीम हाँगकाँगच्या चेउंग चाउ बेटावर आधीच होऊन गेली. तिथे दरवर्षी उत्सवात गोड पावांनी मढवलेले उंच मनोरे उभारतात आणि तरुण त्यांवर चढून पाव खेचतात. आपल्या गोविंदांनी ओळखावा असा खेळ. १९७८मध्ये बांबूचा एक मनोरा लोकांसकट कोसळला, बरेच जण जखमी झाले, शर्यत बंद पडली. २००५मध्ये ती पुन्हा सुरू झाली: मनोऱ्याच्या आत स्टील, चढणाऱ्यांच्या कमरेला दोर. शोभेचे मनोरे अजून बांबूचेच असतात. जुन्या लोकांना नवी शर्यत मिळमिळीत वाटत असणार, पण मला ही वाटणी शहाणपणाची वाटते.

मार्च २०२५मध्ये, म्हणजे आगीच्या आठ महिने आधी, तिथल्या सरकारने जाहीर केलं होतं की नव्या सरकारी इमारतींच्या निदान निम्म्या कामांत धातूचीच परांची लागेल. आग लागल्यावर सगळ्या जगाने बांबूकडे बोट दाखवलं. तपासात मात्र आधी पुढे आलं ते वेगळंच. जाळीच्या काही नमुन्यांत आग रोखण्याची क्षमता निकषापेक्षा कमी निघाली. खिडक्या झाकायला थर्माकोलसारखे फोमचे बोर्ड लावले होते. इमारतींतले फायर अलार्म नीट वाजत नव्हते. बांबू जळतो हे खरंच आहे, त्याला निर्दोष ठरवायला मी बसलेलो नाही. पण फोम आणि अलार्म यांपैकी एकही गोष्ट परांची बांधणाऱ्याने निवडलेली नव्हती.

जानेवारीतल्या मीटिंगमध्ये मी एवढंच सांगितलं: स्टील परवडत असेल तर लावा, पण त्याआधी जाळी कुठली आहे ते विचारा. कंत्राटदार म्हणाला, जाळी सगळीकडे असते तीच. सर्टिफिकेट? ते बघून सांगतो. स्टीलचा ठराव पैशांवरून पडला. जाळी बदलायची आणि परांचीवर विडी ओढायची नाही, हे दोन ठराव पास झाले. दुसरा मुख्यतः चाचांच्या विरोधात होता.

खिडकीत चहा देताना मी त्यांना हाँगकाँगचं सगळं सांगितलं. बांबू जाणार, पाइप येणार. गाठींचं त्यांनी काहीच विचारलं नाही. विचारलं ते हे, की तिथल्या म्हाताऱ्यांना पाइपचं काम शिकवणार का, आणि शिकेपर्यंत रोज कोण देणार. तिथे धातूच्या परांचीचं प्रशिक्षण देतात, असं मी म्हणालो. शिकताना मिळणाऱ्या रोजाचं मी वाचलंच नव्हतं.

त्यांनी कप परत दिला. कोपऱ्यातली एक गाठ त्यांना पसंत नव्हती. त्यांनी ती सोडली आणि खालच्या पोराला हाक मारली. पोरगं वर आलं, आधी पट्ट्याचा हूक अडकवला आणि मग गाठ मारली. चाचांनी अंगठा फिरवला, मान हलवली आणि ती पुन्हा सोडली.