चिनी माती हातात घेतल्याशिवाय कळत नाही

आजचा एपिसोड ऐकताना हात रिकामे असतील तर एक काम करा. स्वयंपाकघरात जा आणि लोणच्याची बरणी शोधा. तीच ती, खाली पांढरट आणि वर तपकिरी. रिकामी असेल तर उलटी करा. भरलेली असेल तर जरा तिरकी करून बुडावरून बोट फिरवा. लोणचं सांडलं तर आईला माझं नाव सांगू नका.

बरणीचं अंग गुळगुळीत आहे, पण बूड खरखरीत लागतंय, बरोबर? वरचा चकचकीत थर, म्हणजे ग्लेझ, भट्टीत काचेसारखा वितळतो. तो बुडालाही लावला तर बरणी भट्टीतल्या फळीला चिकटून बसेल. म्हणून बूड कोरं ठेवतात. आणि म्हणूनच आतली खरी माती तिथेच उघडी दिसते.

आपण हिला चिनी मातीची बरणी म्हणतो. अस्सल चिनी पोर्सिलेनची ही जाडीभरडी चुलत बहीण. पण आत्ता तुम्ही जे केलंत, तेच चिनी कलेचा अभ्यास करणारे विद्यार्थी संग्रहालयात बसून शिकतात. वस्तू उलटी करायची, बूड बघायचं, वजनाचा अंदाज घ्यायचा. या शिक्षणाच्या इतिहासात एक मोठं नाव आहे, आणि तो माणूस जन्मला आपल्या मुंबईत.

सर पर्सिव्हल डेव्हिड. जन्म १८९२, मुंबई, बगदादी ज्यू कुटुंब. वडील सर ससून डेव्हिड हे बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक. १९०६ साली सुरू झालेली ही बँक. तुमच्या घरात तिचं एखादं पासबुक असेलही! त्या काळात मुंबईचा पैसा आणि चीन यांचं नातं घट्ट होतं. इथून कापूस जायचा, सूत जायचं, आणि हो, अफूही जायची. तिकडून रेशीम, चहा आणि चिनी मातीची भांडी यायची. या व्यापारानं चीनचं काय नुकसान केलं हे विसरून या भांड्यांकडे बघता येत नाही.

पर्सिव्हल पुढे लंडनला गेले आणि चिनी मातीच्या नादाला लागले. नाद म्हणजे किती? जवळपास १७०० वस्तू! पण श्रीमंत माणसानं महागड्या वस्तू जमवणं यात नवीन काही नाही. नवीन गोष्ट अशी की त्यांना त्यातून विद्यार्थी घडवायचे होते. १९३०च्या सुमारास लंडन विद्यापीठात चिनी कला शिकवली जावी म्हणून त्यांनी पैसे घातले. १९५० मध्ये आपला संग्रह आणि ग्रंथालय त्याच विद्यापीठाच्या हवाली केलं. १९५२ मध्ये लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये ५३ नंबरच्या घरात पर्सिव्हल डेव्हिड फाउंडेशन उघडलं. तिथे वस्तू बघायला होत्या, तशाच शिकायलाही होत्या.

आता तुम्ही विचाराल, हातात कशाला घ्यायचं? हाय-रेझोल्यूशन फोटो आहेत की! ऐका मग.

चिनी भांड्यांच्या बुडावर बऱ्याचदा निळ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, कुठल्या सम्राटाच्या काळात हे भांडं बनलं ते. सोपं वाटतं ना? गंमत अशी की कांगशी सम्राटाच्या काळात, म्हणजे १६६२ ते १७२२ मध्ये, कारागीर सर्रास चेंगहुआ सम्राटाचं नाव लिहायचे. चेंगहुआ तर पंधराव्या शतकातला! दर वेळी हेतू फसवणुकीचा नव्हता, जुन्या उत्तम कामाला तो मानही होता. पण फोटोत नुसती अक्षरं वाचणारा विद्यार्थी दोनशे वर्षांनी चुकतो. हातात घेणारा बुडाची कड कशी तासलीय ते बघतो, ग्लेझ कुठे जाड साचलंय ते बघतो, वजन तोलतो. मोठी भांडी तुकड्यांत घडवून जोडत असत. तो जोड बाहेरून दिसत नाही, पण आतून बोटांना लागतो. आपल्या भाषेत सांगायचं तर अक्षरं म्हणजे फाइलचं नाव. नाव कुणीही बदलू शकतं, फाइल उघडून बघावी लागते.

आणि भांड्यावरचं लिखाण खरं असेल तर काय होतं, याचं उदाहरणही डेव्हिड यांच्याच संग्रहात आहे. निळ्या-पांढऱ्या रंगाच्या, सुमारे ६३ सेंटिमीटर उंच दोन फुलदाण्या. डेव्हिडनी त्या दोन वेगवेगळ्या मालकांकडून मिळवल्या आणि जोडी पुन्हा जुळवली. त्यांच्या मानेवर लिहिलंय की झांग वेनजिन नावाच्या भक्तानं एक धूपदाणी आणि ही जोडी देवळाला अर्पण केली, घरच्यांचं भलं व्हावं म्हणून. आपल्याकडे देवळातल्या समईवर किंवा फरशीवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, अगदी तसंच. धूपदाणी अजून सापडलेली नाही. पण तारीख आहे: १३५१.

ही तारीख महत्त्वाची का? कारण इतकं कसदार निळं-पांढरं काम मिंग घराण्याच्या काळातलं, म्हणजे १३६८ नंतरचं, असाच तोवर समज होता. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या फ्रीअर गॅलरीचे जॉन पोप यांनी या फुलदाण्या मापदंड धरल्या आणि इस्तंबूल, इराणमधली भांडी त्यांच्याशी ताडून बघितली. त्यातून आधीच्या युआन काळातली भांडी ओळखता यायला लागली. म्हणजे एका जोडीनं अख्ख्या विषयाची तारीख मागे नेली!

याच फ्रीअरनं अलीकडच्या काळात, मेलन फाउंडेशनच्या मदतीनं, चिनी कलेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा चालवल्या. मोजके विद्यार्थी, जाणकार क्युरेटर आणि समोर टेबलावर खऱ्या वस्तू. कारण हेच की पीएचडीपर्यंत पोचलेली मुलंसुद्धा स्लाइडवरच शिकत होती.

अशा टेबलाचे नियम ऐका. घड्याळ, अंगठ्या, गळ्यातलं आयडी कार्ड आधी काढायचं. खाली मऊ गादी. भांडं कानाला किंवा काठाला धरून कधीच उचलायचं नाही, एक हात बुडाखाली आणि एक अंगाला. सुती हातमोजे नकोत, ग्लेझवरून सटकतात. हात स्वच्छ आणि कोरडे हवेत. आणि सगळ्यात मजेशीर नियम: वस्तू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, मग दुसऱ्यानं उचलायची. आजी मीठ हातावर देत नाही ना, तसं!

धोका आहेच. २००६ मध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये बुटाच्या लेसमध्ये अडखळून एक माणूस जिन्यावरून पडला आणि खिडकीतल्या तीन मोठ्या चिनी फुलदाण्यांचा चुरा झाला. पण तो शिकणारा विद्यार्थी नव्हता, साधा प्रेक्षक होता. शिकलेला हात जपून चालतो. आणि तुकडे परत जोडायलाही तसलाच हात लागतो.

आता मुंबईत या. दहिसरहून लोकल पकडा, चर्चगेटला उतरा, चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. तिथली चिनी भांडी आणि जेडच्या वस्तू मुख्यतः दोन टाटा भावांच्या संग्रहातल्या आहेत. सर रतन टाटा (जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, आपल्या ओळखीचे रतन टाटा नव्हेत) १९१८ मध्ये वारले आणि त्यांचा संग्रह १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे आला. सर दोराबजींचा १९३३ मध्ये. हेच संग्रहालय संग्रहालयशास्त्र आणि संवर्धनाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही चालवतं.

म्हणजे वस्तू आहेत, वर्ग आहे, आणि चीनशी आपलं नातं तर बरणीपर्यंत पोचलंय. हवीत ती, हा विषय धरून बसणारी मुलं. डेव्हिड यांचा संग्रह २००९ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो कायमचा देणगी दिल्याची घोषणा झाली. किंमत सांगितली गेली सुमारे १ अब्ज पौंड. बातम्या सगळ्या त्या आकड्याच्या झाल्या. मला मात्र वाटतं, खरी देणगी १९५२ मध्येच दिली गेली होती, जेव्हा या वस्तूंवर विद्यार्थ्यांचा हक्क मान्य झाला.

ऐकणाऱ्यांपैकी कुणी बीए-एमए इतिहास करत असेल तर हा विषय डोक्यात ठेवा. आणि बाकीच्यांनी, पुढच्या वेळी काचेआडचं चिनी भांडं बघताना जरा खाली वाका. बुडाची कड दिसते का बघा. सुरुवात तिथूनच होते.

बरणी जागेवर ठेवलीत ना? दोन्ही हातांनी? चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!